एका टायमाला एकच

कोणी बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन दुकानात आलं की आक्का आधी त्या कॉम्प्युटरकडे बघायच्याच नाहीत. चष्मा कपाळावर चढवायच्या, घेऊन आलेल्या माणसाकडे बघायच्या आणि विचारायच्या, “काल काय केल्तं?”

“काही न्हाई केलं.”

“काहीच न्हाई?”

“बिलकुल काही न्हाई, आक्का.”

“मंग चांगलंय. आपणहून बिघडलं तर आपणहून सुधरंल. घेऊन जा घरी.”

मग तो माणूस खाकरायचा, इकडेतिकडे बघायचा. मेहुण्याने लग्नाचे फोटो बघायला काहीतरी टाकलेलं असायचं, नाहीतर स्क्रीनवर ‘अपडेट करा’ असं आलं म्हणून याने दाबलेलं असायचं. एवढं कबूल झालं की आक्कांचा चष्मा नाकावर यायचा आणि काम सुरू व्हायचं.

असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. डॉक्टर असेल, नाहीतर मोटारी दुरुस्त करणारा असेल. आमच्या आक्का कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या. बदनापूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. एका अंगाला खताचं दुकान, दुसऱ्या अंगाला रसवंती. त्यामुळे दुकानात नेहमी खताचा वास असायचा आणि उन्हाळाभर रसवंतीचे घुंगरू वाजायचे. आक्का म्हणायच्या, “वास नाकानं घ्यायचा, घुंगरू कानानं ऐकायचे. डोळे मोकळे हायेत ना? मंग कामाला लागा.”

मी मागच्या गल्लीत राहते. दुकानात झाडलोट करायला आणि पाणी भरायला म्हणून लागले होते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. शिवाय अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आडोसा शोधते. आक्कांनी मला पहिल्याच आठवड्यात फोन घ्यायला सांगितला. मी फोन कानाला लावला आणि पलीकडचा माणूस विचारेल तसतशी मान हलवत राहिले. तो “हॅलो, हॅलो” करून थकला. आक्का खाली बसून एका कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “अगं, मान हलवून राह्यली तू. फोनातून मान दिसती का?”

त्यानंतर त्यांनी मला एकच वाक्य पाठ करायला लावलं. “आक्का दुकानात आहेत, या.” कोणी काहीही विचारलं तरी मी तेच सांगायची. एकाने बियाण्याचा भाव विचारला, त्यालाही मी या म्हणून सांगितलं. तो आलासुद्धा. आक्कांनी त्याला रस पाजून परत पाठवला.

आक्का धनगराच्या घरातल्या. लहानपणी बापाच्या मेंढरांमागे हिंडलेल्या. पुढे जालन्याला मामाकडे राहून शिकल्या आणि तिथेच कॉम्प्युटरचं काम हाती आलं. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती लग्न होऊन नाशिकला. कामाची रीत मात्र त्या जालन्यात शिकल्या नव्हत्या, ती त्यांच्या बापाची होती.

“कळपात मेंढी खोकायला लागली तर माझा बाप सगळ्या कळपाला औषध पाजत नव्हता,” त्या सांगायच्या. “एकेक बाजूला काढायचा. पाणी पाजायचा, ऐकायचा, परत सोडायचा. मंग दुसरी. एका टायमाला एकच.”

हे ‘एका टायमाला एकच’ दिवसातून किती वेळा ऐकू यायचं, सांगता येत नाही. एक गोष्ट बदलायची, चालवून बघायचं. नाही चाललं तर ती परत होती तशी करायची आणि मग दुसरीला हात लावायचा. कोणी घाईने दोन गोष्टी एकदम बदलल्या की आक्का भडकायच्या. “दोन केल्या अन् सुधरलं, तर कशानं सुधरलं ते कोणाला विचारशील? सासूला?”

मधल्या काळात सगळ्यांना आपल्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम टाकून घ्यावी लागली. जुन्यावर सरकारी कामाच्या साइट उघडेनाशा झाल्या होत्या. आक्कांचं काम वाढलं. आणि नवी सिस्टीम टाकून नेलेली माणसं पुन्हा यायला लागली, तीही जरा लाजत. फायली होत्या, फोटो होते, सगळं जागच्या जागी होतं. बंद पडले होते ते त्यांचे जुने गेम.

मला आधी वाटायचं की गेम म्हणजे पोरासोरांचं काम. पण येणारे सगळे डोक्याला टक्कल पडलेले. तरुणपणी काळ्या स्क्रीनच्या कॉम्प्युटरवर खेळलेले गेम त्यांनी जपून ठेवले होते. ते जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर एकटे चालत नाहीत. त्यांना सांभाळायला एक प्रोग्राम लागतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसून तो जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. आक्का त्याला बहुरूपी म्हणायच्या. आमच्याकडे पोलिसाचा वेश करून दारात येणारे, दम देणारे आणि शेवटी हसून पीठ मागणारे बहुरूपी असायचे, तसा.

“गेमला वाटतं, आपण आपल्या जुन्याच घरात हाओत,” आक्का सांगायच्या. “वाटू द्यायचं. पण तुम्ही घर बदललं की बहुरूप्याचं सोंग उघडं पडतं. मंग तो पळतो, अन् त्याच्यामागं गेम पळतो.”

मोंढ्यातल्या एका अडत्याचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. नवा कॉम्प्युटर घेतल्यापासून त्याची गाडी सुटली की पापणी लवायच्या आत भिंतीवर जायची. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, “आक्का, मी बराबर चालवून राह्यलो. गाडीच ऐकत न्हाई.”

“शेठ, मशीन तरणी झाली. गेम तुमच्याच वयाचा राह्यला. त्याला कशाला पळवता?” असं म्हणून आक्कांनी बहुरूप्याचा वेग कमी केला. गाडी जुन्या चालीने चालायला लागली. शेठ तिथेच बसून शर्यत खेळले आणि हरले. हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी तेव्हाच पाहिला.

तर आता अण्णांचं सांगते.

अण्णा साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाच्या गाड्यांचं वजन करायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते बदनापूरला मुलाकडे राहायला आले. मुलगा एमआयडीसीत पाळीवर जायचा, घरात अण्णा आणि सून. मागच्या वर्षी अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडा सुधारला, हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, तो दाबत बसायचा. अण्णांनी तो डाव्या हाताने दारातल्या शेळीला फेकून मारला. “मी काय लहान हाय का, चेंडू दाबत बसायला?”

मग कुठून तरी त्यांच्या त्या जुन्या गेमची आठवण निघाली. काट्यावर गाड्यांची रांग सरकेपर्यंत ते तो खेळायचे. खाली एक फळी असते, वर विटांची भिंत. फळीने चेंडू उडवायचा, भिंत फोडायची, चेंडू खाली पडू द्यायचा नाही. आक्कांनी तो गेम शोधून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर बहुरूप्यासकट बसवून दिला. फळी डावी-उजवीकडे न्यायची बटणं कीबोर्डच्या उजव्या टोकाला असतात. अण्णा आधी डाव्या हाताने खेळायला गेले, तो हात अंगावरून आडवा न्यावा लागायचा आणि चेंडू निसटायचा. तेव्हा त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून बटणांवर नेऊन ठेवला.

चार महिन्यांनी त्या हाताची दोन बोटं आपलीआपण हलायला लागली. सून सांगायची, “आक्का, आज त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. उजव्या हातानं.” आक्का म्हणायच्या, “भिंत किती फोडली ते सांग.”

नव्या सिस्टीमच्या गडबडीत अण्णांचाही कॉम्प्युटर दुकानात आला. सुनेला कसल्याशा सरकारी योजनेचा अर्ज त्यावरून भरायचा होता. त्या दिवशी दुकानात कॉम्प्युटर ठेवायला जागा नव्हती आणि बियाण्याच्या कंपनीचा माणूस आपल्या कामासाठी उंबऱ्यावर उभा होता. आक्कांनी अण्णांच्या कॉम्प्युटरचं सगळं एका बैठकीत उरकलं. नवी सिस्टीम टाकली, जुना कचरा काढला, स्क्रीन चालवणारा ड्रायव्हर नवा घातला, व्हायरसवाला पहारेकरी बसवला, बहुरूपीही नवा आणला. शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, मालकाचं नाव काय? आक्कांनी अण्णांचं नाव छान मराठी अक्षरांत टाकलं. “आता नव्या सिस्टीमीत मराठी चालतं. म्हाताऱ्याला रोज सकाळी आपलं नाव वाचू दे.” मला ते नाव वाचता आलं. मलाही बरं वाटलं.

सगळं चालतं का, ते एकदा शेवटी चालवून बघायचं राहून गेलं. जल्दीत त्यांनी कॉम्प्युटर टेम्पोत चढवला.

दोन दिवसांनी सुनेचा फोन आला. गेमवर दाबलं की काळी खिडकी येते आणि लगेच नाहीशी होते. आक्कांनी तिला फोनवरून हे दाब, ते दाब सांगितलं. काही झालं नाही. मग त्या म्हणाल्या, “अगं, गेम लई जुना हाय तो. त्याचं आयुष्य संपलं असंल. त्यांना मोबाइलवर दुसरा देते, तसलाच.”

फोन ठेवून आक्कांनी जेवणाचा डबा उघडला आणि परत लावून ठेवला. मलाही माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं, की त्या दिवशी कळपातल्या सगळ्या मेंढ्यांना एकदम औषध पाजलं गेलं होतं.

मोबाइलवरचा गेम अण्णांनी एकदाच बघितला. “ह्या चेंडूला वजनच न्हाई,” म्हणाले आणि मोबाइल बाजूला ठेवला. काट्यावर आयुष्य गेलेला माणूस तो, त्याला कोण समजावणार?

आठवडा झाला. सुनेचा पुन्हा फोन आला तेव्हा आक्का दुकानातच होत्या, पण त्यांनी मला हाताने खुणावलं, मी नाही म्हणून सांग. मी फोन कानाला लावला. सून रडवेली झाली होती. “ताई, अण्णा कॉम्प्युटरपाशी जाईनात. हात परत मांडीवर ठेवून बसलेत. काल भाकरी मी मोडून दिली. बोटं आखडून राह्यली त्यांची. आक्कांना सांगा ना जरा.”

मला खोटं बोलायला जमत नाही. खरं तर काहीच बोलायला जमत नाही. मी तेच पाठ केलेलं वाक्य म्हणायला गेले, “आक्का दुकानात आहेत...” आणि पुढचं ‘या’ काही तोंडातून निघेना. ती बाई कॉम्प्युटर, सासरा आणि शेळी घेऊन कुठे येणार? मी म्हणाले, “त्या येतात.”

आक्कांनी चष्मा कपाळावर चढवला. “मी कवा म्हणले येते?”

मी केरसुणी घेतली आणि झाडलेलं दुकान परत झाडायला लागले. थोड्या वेळाने स्कूटीची किल्ली वाजली. “बस मागं. आता तूच म्हणलीस ना येते म्हणून? मंग तू पण चल.”

अण्णा बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा हात, जणू तो उठून जाईल म्हणून धरून ठेवलाय. आक्कांनी रामराम केला. त्यांनी मान हलवली.

आक्का कामाला बसल्या. यावेळी अगदी आपल्या रीतीने. पहारेकरी बाजूला केला, गेम चालवला. काळी खिडकी आली आणि गेली. पहारेकरी परत बसवला. स्क्रीनचा जुना ड्रायव्हर घातला. आली आणि गेली. तोही परत होता तसा केला, मग जुना बहुरूपी आणला. आली आणि गेली. सुनेने चहा आणला, तो तसाच निवला. आक्का एरवी काम करताना कॉम्प्युटरला शिव्या देतात, त्या दिवशी एकही दिली नाही. मला ते बरं दिसेना.

बाजेवरून अण्णा बोलले. वारं गेल्यापासून त्यांचं बोलणं जरा जड झालं होतं. “बाई, तुम्ही लोकांना विचारता ना... मंग तुम्हाला कोण विचारणार? त्या दिवशी काय केल्तं तुम्ही?”

आक्का वळल्या. मला वाटलं आता या चिडणार. पण त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि शाळेत उभं केल्यासारख्या एकेक सांगायला लागल्या. “सिस्टीम टाकली. कचरा काढला. ड्रायव्हर घातला. पहारेकरी बसवला. बहुरूपी आणला. बस.”

“अन् मामंजींचं नाव टाकलं की मराठीत,” सून दारातून म्हणाली. “आम्ही शेजारणीला बोलावून दाखवल्तं.”

“नावानं काय होतंय गं!” आक्का म्हणाल्या. “नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटीनं कुठं घर पडतं?”

असं म्हणाल्या आणि तशाच थांबल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, “पण बाजूला काढून बघितली न्हाई ना ही मेंढी.”

त्यांनी त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या एका मालकाचं नाव टाकलं, कुठलंही, इंग्रजी अक्षरांत. बाकी कशाला हात लावला नाही. त्या नावाने आत शिरून गेमवर दाबलं.

काळी खिडकी आली. आणि राहिली. मग त्यात फळी आली, विटा आल्या, आणि टुक टुक करत चेंडू उडायला लागला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाहेर शेळी ओरडली.

आक्कांनी मला नंतर समजावून सांगितलं. बहुरूपी आपलं सामान मालकाच्या नावाच्या खोलीत ठेवतो. हा बहुरूपी, जुना काय नि नवा काय, इंग्रजीच शिकलेला, त्याला मराठी पाटी वाचता येत नाही. वाचता आली नाही की तो मागे वळत नाही, उंबऱ्यावरच कोसळतो. एवढंच झालं होतं. कौतुकाने लावलेल्या पाटीला अडखळून.

पण त्या वेळी आक्का आधी सुनेकडे वळल्या. “गेमचं आयुष्य संपलं म्हणले होते ना मी? खोटं होतं ते. घोटाळा मी केल्ता.” मग अण्णांना म्हणाल्या, “अण्णा, तुमचं नाव इंग्रजीत करावं लागतंय. चालंल ना?”

“सातबाऱ्यावर मराठी हाय ना?”

“हाय.”

“मंग हितं जपानी करा.”

सुनेने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि बटणांवर ठेवला. पहिला चेंडू सरळ खाली गेला. दुसराही गेला. बोटं खरंच आखडली होती. तिसऱ्या वेळी फळी इतकीशी सरकली आणि चेंडू तिच्या कडेला लागून वर गेला. एक वीट फुटली. अण्णा स्क्रीनकडे बघून म्हणाले, “ह्याला वजन हाय.”

आक्का स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. त्या खुर्चीमागे उभ्या राहून अण्णांची दोन बोटं बघत होत्या. त्यानंतर त्या कितीतरी आठवडे कारण नसताना त्या गल्लीतून स्कूटी न्यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “हिकडून जवळ पडतं.” पडत नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर आक्कांनी दुकान बंद केलं. मुलीला जुळी झाली होती आणि तिला एकटीला निभत नव्हतं. “आता दोन मेंढरं तिकडं हायेत,” म्हणाल्या, “अन् दोघं एकदमच खोकतात. तिथं माझी रीत चालायची न्हाई.” दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दारात इतका उजेड करतात की रसवंतीवाल्याने आपला दिवा काढून टाकलाय.

त्यांना सोडायला मी स्टेशनवर गेले होते. गाडी आमच्याकडे फार थांबत नाही. आक्का खिडकीपाशी बसल्या होत्या आणि मला सांगत होत्या, फोन करत जा, अन् केल्यावर बोलत जा. तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरून अण्णा आणि सून येताना दिसले. अण्णांच्या डाव्या हातात काठी होती. उजव्या हातात कागदी कपात चहा होता.

ते येत होते तसा चहा सांडत होता. थोडा प्लॅटफॉर्मवर, थोडा बाहीवर. खिडकीशी येऊन त्यांनी हात वर उचलायला सुरुवात केली. कोपरापर्यंत आला, मग थरथरत थांबला. गाडीने शिटी दिली. सुनेने कप धरायला हात पुढे केला.

“राहू दे गं,” आक्का आतून म्हणाल्या. “येऊन राह्यला ना.”

त्यांनी स्वतःचाही हात बाहेर काढला नाही. मी आक्कांना इतकी वर्षं पाहिलं, कोणाच्या हातातून वस्तू हिसकावून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्या गजांना नाक लावून नुसत्या बघत राहिल्या. कप हळूहळू वर आला, गजाला लागला, अजून थोडा सांडला आणि आत गेला. तेव्हा त्यांनी तो घेतला. घोटभर उरला होता. तो पिऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

“साखर लई झाली, अण्णा.”

“कारखान्याचा माणूस हाय मी,” अण्णा म्हणाले. “कमी कुठून टाकू?”

गाडी हलली. अण्णांचा हात अजून वरच होता, खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. आक्का लांब जाईपर्यंत खिडकीतून बघत होत्या, तो रिकामा कप दोन्ही हातांत धरून, जणू त्यात अजून काही आहे आणि ते सांडेल.